न सांगितलेली उघाड

तुळशीरामभाऊंचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते. मे सरत आला होता. सकाळचे सात वाजले असतील, पण बल्लारपुरात त्या दिवसांत सकाळ अशी काही उरतच नाही. ऊन उजाडतानाच तापलेलं असतं. "लताबाई..." एवढं म्हणून ते थांबले. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांचा श्वास ऐकू आला. "शकू गेली नं. आत्ताच, उजेड पडता पडता. मातीले या." मी काय बोलायला हवं होतं? तुम्ही कसे आहात, वहिनी कुठे आहेत, असं काहीतरी. पण माझ्या तोंडून निघालं, "तिकडे आभाळ कसं आहे?" त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. "पांढरा," ते म्हणाले. "तीन दिवस झाले, पांढराच आहे." आणि फोन बंद झाला.

शकू म्हणजे डॉ. शकुंतला नन्नावरे. हवा, पाऊस आणि दुष्काळ यांचा अभ्यास करण्यात जिनं आयुष्य घातलं, ती शास्त्रज्ञ. तुळशीरामभाऊ तिचे थोरले भाऊ. वडशाच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव, धानाची शेती. मी बल्लारपूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. शकूची आणि माझी ओळख कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनची. तिला जाऊन आता सात आठवडे होत आले. तिच्या शोधनिबंधांबद्दल जाणकार लिहितील. मला लिहायचं आहे ते तिच्या बोलण्याबद्दल, आणि एका वर्षी ती बोलली नाही त्याबद्दल. त्या वर्षी मीही तिच्या शेजारी बसलेली होते.

चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. गच्चीवर वाळत घातलेले पांढरे दुपट्टे काढायला गेलं, की त्यांच्यावर बारीक काळे ठिपके असायचे. झटकले तर पसरायचे. आम्ही चिडायचो, वॉर्डनबाईंकडे तक्रार करायचो, दोरी दुसऱ्या बाजूला बांधून पाहायचो. शकू मात्र दुपट्टा हातात धरून विचारायची, "दुपारी वारा कुठून होता वं?" तिच्या फिजिक्सच्या वहीत मागच्या पानांवर तारखा आणि वाऱ्याच्या दिशा लिहिलेल्या असत. एकदा मी वैतागून म्हटलं, "तुले याचं करायचं काय आहे?" ती म्हणाली, "काई नाई. पण हे दुपट्ट्यावर पडते, तं आपल्या आतही जातच असंन नं?" त्यानंतर कितीतरी दिवस श्वास घेताना मला ते आठवायचं. मग मी विसरले. कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रांच्या आमच्या या गावांत राहायचं तर ते विसरावंच लागतं. ती विसरली नाही, एवढाच आम्हा दोघींत फरक.

पुढे ती शिकायला बाहेर गेली, डॉक्टरेट झाली, एका मोठ्या शहरातल्या संशोधन संस्थेत वीसेक वर्षं राहिली. लग्न केलं नाही. वर्षातून दोनदा पत्र, पुढे फोन. आणि पन्नाशीच्या आसपास एका दिवशी तीन लोखंडी पेट्या घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. "तुही गच्ची पाहिजे," म्हणाली. एक पेटी माझ्याकडे, दुसरी तुळशीरामभाऊंच्या घरावर, आणि तिसरी पार हेमलकशाच्या पुढे, जंगलातल्या एका वस्तीत, चैतू नावाच्या माडिया आदिवासी शेतकऱ्याच्या अंगणात. पेटीतला पंप दिवसभर हवा ओढायचा आणि ती एका पांढऱ्या गोल कागदातून गाळायचा. रोज सकाळी कागद बदलायचा, तारीख घालून पाकिटात ठेवायचा, एवढंच आमचं काम. माझ्या गच्चीवरचा पहिला कागद तव्याच्या बुडासारखा निघाला. मी घाबरून तिला फोन केला, की पंप बिघडला वाटतं. ती म्हणाली, "पंप चांगला आहे."

चैतूकडे मी तिच्यासोबत एकदाच गेले. हिवाळा होता, सागाची पानं खाली आली होती. चैतूनं जपून ठेवलेली पाकिटं आणून दिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "बाई, हे हवा खाते का?" "खात नाही, चाखते," शकू म्हणाली. "मग चव कशी आहे?" तिनं एक पाकीट उघडून कागद दाखवला. जवळजवळ कोरा. तो खूश झाला. मग तिनं मागच्या मार्चचा कागद काढला. तो तपकिरी होता. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्या दिवसांतला. "हा आमचा धूर?" "हो, तुमचा." तिनं ते लपवलं नाही, की त्याला उपदेशही केला नाही. शेवटी माझ्या पिशवीतलं बल्लारपूरचं पाकीट घेऊन तिनं तिसरा कागद त्या दोघांशेजारी ठेवला. चैतूनं त्याला बोट लावलं. बोटाकडे पाहिलं आणि ते आपल्या धोतराला न पुसता झाडाच्या बुंध्याला पुसलं. "हा इथवर येते?" त्यानं विचारलं. शकूनं तिन्ही कागद परत पाकिटांत घातले. "यायला लागला आहे," म्हणाली. "दर वर्षी थोडा थोडा."

परतीच्या वाटेवर मी तिला विचारलं, की आला तर काय होईल? जंगल आहे, झाडं आहेत, पिऊन टाकतील. तिनं गाडीच्या काचेबाहेर पाहत मला जे सांगितलं, ते मी नंतर वर्गात कितीतरी वेळा सांगितलं. "ढगात पाणी तेवढंच असते, लते. धुळीचा, काजळीचा एकेक कण एकेक थेंब धरून ठेवते. कण वाढले, की तेवढंच पाणी जास्त जणांत वाटल्या जाते. थेंब बारीक राहतात. खाली पडाले जडच होत नाई. ढग येते, भरल्यावानी दिसते, आन् डोक्यावरून निघून जाते." मग लगेच, तिच्या सवयीप्रमाणे, "हे एकटंच कारण नाई बरं. समुद्र आहे, वारे आहेत, सारा देश आहे. पण हे एक आहे." पुढे कुठल्याशा बैठकीत तिनं हेच मांडलं तेव्हा एक अधिकारी हसून म्हणाले, "मॅडम, जंगलाच्या जिल्ह्यात कसलं आलंय प्रदूषण?" तिचे कागद त्यांनी टेबलाच्या कडेला सारले. तिकडे पाचोळ्याच्या धुराबद्दल लिहिलं म्हणून आदिवासींच्या बाजूची काही चांगली माणसंही तिच्यावर रागावली. तिचं म्हणणं कोणाच्याच सोयीचं नव्हतं. आणि तिला गोड करून सांगता येत नसे.

पण गावाला तिचा अभिमान होता. एका वर्षी जूनच्या शेवटी ती भावाकडे होती. पाऊस वेळेवर लागला होता, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावणीजोगी झाली होती. सकाळी अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. शकू तेव्हा रात्रंदिवस नकाशे आणि आकडे घेऊन बसत असे. तिला दिसलं, की आता लांब उघाड पडणार. ती म्हणाली, "आता रोवणी करू नका. पाणी जाणार आहे. चिखलात रोवलेलं सारं वाळून जाईन. दोन आठवडे थांबा." कोणीतरी विचारलं, "पक्का?" आणि ती म्हणाली, "पक्का." तिच्या आयुष्यातली मोठी चूक तो एक शब्द होता, असं ती नंतर म्हणायची. तुळशीरामभाऊ उठून उभे राहिले. "माही बहीण आहे. चुकणार नाई." अर्ध्या गावानं हात आवरला.

पाऊस गेला नाही. दोन आठवडे भरपूर, मन लावून पडला. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, हिरव्या झाल्या. ज्यांनी ऐकलं, त्यांचे पऱ्हे वाढून पिवळे पडले. नंतर घाईनं रोवले, पण धान उशिरा निसवला आणि लोंब्या पोचट राहिल्या. दिवाळीच्या सुमाराला गावात बोलणं सुरू झालं, की तुळशीरामच्या घरावरची मशीन ढग पळवते. तिचा आवाज होतो तेव्हा पाणी बिचकते... पण पाऊस तर पडला होता! कोणी तसं विचारलं नाही. रागाला हिशेब नसतो. एका सकाळी पेटी विहिरीत सापडली. भाऊंनी ती दोर लावून वर काढली, पुसली, आणि वर्षभर बहिणीशी बोलले नाहीत.

शकू गावी गेली. मी सोबत होते. जे जे तिच्या शब्दावर थांबले होते, त्यांच्या एकेका घरी ती गेली. दारात उभं राहून हात जोडून म्हणाली, "मी चुकली." बस, तेवढंच. वारा, समुद्र, यंत्र, कसलंही कारण तिनं पुढे केलं नाही. कोणी पाणी दिलं, कोणी आतूनच "बरं" म्हटलं. एका घरच्या म्हातारीनं दार लावून घेतलं. शेवटच्या घरून परतताना शकूच्या पायातली चप्पल चिखलात रुतून राहिली. ती काढायलासुद्धा ती वाकली नाही. तशीच एका पायानं अनवाणी वडशाच्या स्टेशनापर्यंत आली. गाडीत म्हणाली, "आता माह्या तोंडातून कोणासाठी पाण्याचं काई निघणार नाई."

ते तिनं पाळलं. बरीच वर्षं पाळलं. दुरुस्त केलेली पेटी भाऊंनी परत छतावर ठेवू दिली, बोलणंही हळूहळू सुरू झालं, पण पावसाचं कोणी विचारायचं नाही आणि तिनं सांगायचं नाही. दरम्यान कागदांचा रंग बदलत होता. वडशाकडचा कागद पहिल्या वर्षी सायीसारखा असायचा, तो हिवाळ्यात राखेसारखा निघू लागला. शकू सगळं नोंदवायची, लेख लिहायची. ते दूर कुठेतरी छापून यायचे आणि आमच्याकडे कोणी वाचायचं नाही.

मग ते वर्ष आलं. जून अर्धा झाला होता. ती माझ्याकडे राहायला होती. पहिल्या सरी होऊन गेल्या, तरी आभाळ धुतल्यासारखं निघालं नव्हतं. क्षितिजाशी एक मळकट पट्टा तसाच राहिला होता. ती सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जायची आणि खाली येऊन आकड्यांत डोकं घालायची. तिसऱ्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच सारलं. मी विचारलं, "काय झालं?" "काई नाई." "उघाड आहे का?" ती माझ्याकडे पाहत राहिली. मला उत्तर कळलं. मी आणखी काही विचारलं नाही.

त्याच दुपारी तुळशीरामभाऊंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते म्हणाले, "शकू, यंदा कसा वाटते मंग?" फोन स्पीकरवर होता. मी भाजी निवडत होते. शकूनं डोळे मिटले. "भाऊ, तुमचा अनुभव मोठा आहे. तुमाले पटीन तसं करा." "बरं," ते म्हणाले. "रोवतो मंग." मला तिच्या हातातून फोन घेता आला असता. भाऊ, थांबा, असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. मी भाजी निवडत राहिले. ती शास्त्रज्ञ, तीच गप्प बसली, तर मी कोण सांगणारी, असं मी तेव्हा मनाला समजावलं. आजही तसंच समजावून पाहते. पटत नाही.

गावानं रोवणी उरकली आणि पाऊस गेला. गेला म्हणजे दिसायचा बंद झाला नाही, तेच भयंकर होतं. रोज दुपारी ढग यायचे. काळे, जड, खाली उतरलेले. माणसं अंगणात येऊन उभी राहायची, वारा सुटायचा, मातीवर चार थेंब पडायचे आणि सगळं पूर्वेला जंगलाकडे निघून जायचं. आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. बांध्यांतला चिखल आधी कातड्यासारखा ताणला, मग त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. ज्यांच्याजवळ तलावाचं पाणी होतं त्यांचं थोडं वाचलं. बाकीच्यांच्या धानाला काडी लावली असती तर तो पेटला असता.

तुळशीरामभाऊ गोंदियाच्या गाडीनं बल्लारपूरला आले. न सांगता. हातपाय धुतले, चहा घेतला नाही. शकू समोर बसली होती. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुले मालूम होतं?"

"हो, भाऊ."

"मी फोन केला तवा बी?"

"तवा बी."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"मागच्या खेपेस सांगितलं, तं चुकलं. तुमची मान खाली गेली. पुन्हा चुकली असती तं..."

"चुकली असती तं चुकली असती." ते थांबत थांबत बोलत होते, जणू एकेक शब्द त्यांना बांधातून उपसून काढावा लागत होता. "मान माही होती. खाली गेली तं वर बी आली असती. त्या सालचं गाव विसरून राह्यलं होतं, शकू. मी बी विसरलो होतो, म्हणून तं विचारलं. पण तू पाहत होती, आन् मी तुह्या डोळ्यासमोर रोवत होतो... हे कसा विसरू?"

मग ते माझ्याकडे वळले. "लताबाई, तुम्ही होत्या नं घरी?" मी मान हलवली. "बरं," एवढंच ते म्हणाले आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. शकू त्या दिवशी रडली. चाळीस वर्षांत तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं संस्थेचं काम सोडलं आणि गावी राहायला गेली, भावाच्या घरातल्या पश्चिमेकडच्या खोलीत. भाऊ नाही म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. वहिनींनी खोली सारवून दिली. जून लागला तशी ती रोज सकाळी अंगणात खाट टाकून बसू लागली. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग एक म्हातारा आला, मग दोघं. ती आता वेगळं बोलायला शिकली होती. सरकारी आणेवारी धानाच्या मुलखात सगळ्यांना ठाऊक असते. पीक सोळा आण्यांपैकी किती आलं, ते आण्यांत सांगतात. ती पाऊस आण्यांत सांगू लागली. "येत्या आठवड्यात बारा आणे पाणी नाई. चार आणे येईन बी." लोक हसले. म्हातारा म्हणाला, "बाई, सोळा आणे काऊन नाई सांगत?" ती म्हणाली, "सोळा आणे कोणालेच मालूम नसते, काकाजी. मी एक डाव सांगितलं होतं. काय झालं ते तुम्ही पाहिलं."

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांच्या सभांना जे समजावताना ती थकून जायची, ते गावाला दोन हंगामांत समजलं. बारा आणे उघाड म्हटली, की लोक खालच्या ओलाव्याच्या बांध्या रोवायचे आणि वरच्या राखून ठेवायचे. ती चुकली, तर म्हणायचे, चार आणे सांगतलेच होते बाईनं. पेटी विहिरीत टाकणारा माणूसही त्या अंगणात येऊन बसत असणार. तो कोण हे तिनं कधी विचारलं नाही. तुळशीरामभाऊ सुरुवातीला घरातूनच ऐकायचे. एका सकाळी ते बाहेर येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्या दिवशी तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "भाऊ आज बाजूले बसले होते." फक्त आण्यांतला उघाडीचा वाटा दर वर्षी वाढत होता, आणि ते अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

खोकला कधी सुरू झाला ते नेमकं आठवत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की फुफ्फुसं आखडत चालली आहेत, आणि ते परत फिरणारं नाही. तिनं कधी विडी-सिगारेट ओढली नव्हती. आयुष्यभर मात्र ती राखेच्या ढिगांशेजारी, खाणींच्या रस्त्यांवर, चिमण्यांच्या खाली पंप घेऊन उभी राहिली होती. मी तिच्या उशाशी बसून संतापानं म्हटलं, "याच हवेनं तुले खाल्लं." ऑक्सिजनची नळी नाकाशी होती, तरी तिनं मान हलवली. "मी एक नोंद आहे, लते. एका नोंदीवरून काई सिद्ध होत नाई." "मंग आण्यांत सांग," मी चिडून म्हणाले. तिनं खरोखर विचार केला. डोळे मिटून, बराच वेळ. "दहा आणे," म्हणाली. "बाकीचे सहा मले मालूम नाई." स्वतःच्या मरणाबद्दलही तिनं एक आणा वाढवून सांगितला नाही.

शेवटच्या महिन्यांत तिचा रोज सकाळी सात वाजता मला फोन यायचा. "गच्चीवर जा. काय दिसते?" मी ढग म्हटलं की रागवायची. "ढग आहेत हे काय सांगतं? कोणते, किती उंच? खाणीच्या मातीचे ढिगारे साफ दिसून राह्यले का? आभाळ निळा आहे का पांढरा?" उपग्रहाची चित्रं कशी वाचायची, वारा कोणत्या उंचीवरचा पाहायचा, हे ती धापा टाकत टाकत मला शिकवत होती. मला वाटायचं, आजारी माणसाचा वेळ जातो आहे, जाऊ दे. म्हणून त्या सकाळी भाऊंना मी आभाळाचं विचारलं. ती सातची वेळ होती आणि विचारणारी उरली नव्हती.

गेल्या आठवड्यात मी गावी जाऊन आले. यंदाही पाऊस वेळेवर लागला होता. पऱ्हे तयार होते. रोवणीच्या बाया वरच्या बांधीत उतरायच्या बेतात होत्या. सकाळी चहा घेत होते तर अंगणात माणसं येऊन बसली. कोणी बोलावलं नव्हतं. सवयीनं आली असतील. खाट भिंतीला उभी होती, ती कोणी टाकली नाही. सगळे भुईवरच बसले. शेवटी एक जण तुळशीरामभाऊंना म्हणाला, "रोवाचं का थांबाचं, पाटील?" भाऊ म्हणाले, "मले का विचारता? मी तं आयकणारा होतो." आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. पण त्यांना आठवत होतं, आणि मलाही आठवत होतं.

मी चार दिवस चित्रं पाहत होते. सरी होऊन गेल्या होत्या, तरी आभाळ उघडलं नव्हतं. वरचा वारा फिरला होता. मला जे दिसत होतं ते दिसायला नको होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. "मी शकू नाही," मी म्हणाले. "मी पोरींना भूगोल शिकवला, एवढंच. पण तुम्ही विचारता म्हणून सांगते. वरच्या बांध्या राखा. मला लांब उघाड दिसते आहे. मी चुकू शकते." कोणी किती आणे ते विचारलं नाही. एक बाई पदर तोंडाशी धरून माझ्याकडे पाहत होती. तुळशीरामभाऊ उठले, बांधावर गेले आणि वरच्या बांधीतल्या बायांना हाक मारून त्यांनी खाली बोलावलं.

मी शकूच्या खोलीत जाऊन बसले. वहिनींनी काही हलवलेलं नाही. खिडकीशी टेबल, त्यावर घडी घातलेला चष्मा, आजारपणातली जाड गोधडी, आणि भिंतीला डोकं टेकून बसायची तिची जागा. तिथला सारवलेला रंग थोडा गेला आहे. बाहेरून बायांचे आवाज येत होते, चिखलातून परतणारे पाय ऐकू येत होते. दहा-वीस घरांचं वर्ष मी एका वाक्यात थांबवलं होतं. उद्या पाऊस आला, तर ती घरं माझ्यामुळे मागे पडणार होती. आणि नाही आला, तर खाली रोवलेलं वाळताना मला पाहावं लागणार होतं. यातलं काय व्हावं अशी इच्छा करायची, हेच मला कळेना. पावसाळ्याच्या दर सकाळी ती हे पोटात घेऊन त्या खाटेवर जाऊन बसत होती... आणि मी तिला कधी विचारलंसुद्धा नाही, की तुला भीती वाटते का.

हे लिहिते आहे तोवर तिकडे पाऊस नाही. ढग येतात, असं भाऊ सांगतात. गावात म्हणतात, की लताबाईंनी बरोबर सांगितलं. मला ते ऐकवत नाही. त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं आणि भुईवर बसलेली माणसं उठली नव्हती. त्यांना पुढच्या आठवड्याचं विचारायचं होतं.